बंद पडलेल्या आमच्या क्लबचं विजेतेपद खरंच हिसकावलं गेलं होतं का?

प्रश्न

नमस्कार. फुटबॉलचे जुने नियम आणि जुन्या वह्या, या दोन्हींत गती असलेलं कुणी इथे असेल तर मदत हवी आहे. जरा मोठं लिहिते आहे, सांभाळून घ्या.

परवा माळा आवरताना आजोबांची पत्र्याची ट्रंक उघडली. आमच्या वस्तीच्या फुटबॉल क्लबचं जे काही उरलंय ते सगळं त्या ट्रंकेत होतं. हजेरी आणि सामन्यांची एक लांबट वही, जमाखर्चाची एक वही, क्लबचा रबरी शिक्का, संघाचा एक फोटो, आणि हवा गेलेला तपकिरी कातडी चेंडू, तोंडाशी बुटासारखी लेस बांधलेला. शिक्क्यावर शाई इतकी सुकली आहे की अक्षरं बोटाला लागतात, पण उमटत नाहीत.

मी हा क्लब पाहिलेला नाही. माझ्या जन्माआधीच तो बंद पडला. आजोबा त्याचे गोलरक्षक होते आणि चिटणीसही. म्हणजे रविवारी गोलमध्ये उभं राहायचं आणि सोमवारी वही लिहायची.

लहानपणापासून मी वस्तीतल्या म्हाताऱ्या मंडळींकडून एकच गोष्ट ऐकत आले. त्या वर्षी साखळीत आमचे आणि दुसऱ्या एका संघाचे गुण सारखे झाले. आमचे गोल ढिगाने जास्त होते, तरी चषक त्यांना दिला. "तुझ्या आजोबांनी लेखी हरकत घेतली असती तर चषक आपल्याकडे आला असता," हे वाक्य मी आजोबांच्या देखत ऐकलंय. ते कधी उलट बोलले नाहीत. चष्मा काढायचे, धोतराच्या सोग्याला पुसायचे आणि उठून जायचे.

आता वहीत काय आहे ते सांगते. त्या मोसमाच्या शेवटच्या पानावर त्यांच्या अक्षरात गुणतक्ता आहे. आमचे गोल ४२, आमच्यावर झालेले २२. त्या दुसऱ्या संघाचे ३०, त्यांच्यावर झालेले १५. म्हणजे आम्ही वीस गोलांनी वर, ते पंधरा गोलांनी. मग ते पहिले कसे? समासात पेन्सिलीने काही आकडेमोड आहे, ती मला लागत नाही: १.९०९ आणि २.०००. त्याच्याखाली एक रेघ मारून "४२ ÷ २१ = २". हे २१ कुठून आले? तक्त्यात २१ कुठेच नाही.

दुसरी अडचण सालाची. तारखा आहेत, वार आहेत, साल कुठेच नाही. शेवटचा सामना "रविवार, १४ मार्च". तीन जुन्या खेळाडूंना विचारलं, तिघांनी तीन सालं सांगितली आणि तिघेही ठाम. फोटोत कप्तानाच्या पायाखाली काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चेंडू आहे, ट्रंकेतला तपकिरी नव्हे.

तिसरं. ७ मार्चच्या सामन्यात आमच्या संघात एका ठिकाणी नावाऐवजी नुसतं "पाहुणा" लिहिलंय. बाकी दहा नावं ओळखीची आहेत. हा कोण असावा?

आणि शेवटचं. क्लब नेमका कधी बंद पडला ते कुणालाच सांगता येत नाही. हजेरीची शेवटची पानं अशी आहेत: १७, १४, १२, ९, ९, ७. त्यापुढे कोरं.

मला या क्लबचा इतिहास नीट लिहून काढायचा आहे. हरकत का घेतली नाही, हे कळल्याशिवाय हात चालत नाहीये.


प्रतिसाद १

ताई, मी बत्तीस वर्षं पंचगिरी केली, त्यातली पहिली काही वर्षं ज्या हिशोबाने गुणतक्ते लावले जायचे तोच हिशोब तुमच्या समासात आहे. त्यामुळे आधी चषकाचं बोलतो. तुमचा चषक कुणी हिसकावलेला नाही.

आज गुण सारखे झाले की आपण गोलफरक काढतो, केलेल्या गोलांतून झालेले वजा. पूर्वी वजाबाकी नव्हती, भागाकार होता. केलेले गोल भागिले झालेले गोल, त्याला गोल सरासरी म्हणायचे. ४२ भागिले २२ म्हणजे १.९०९. ३० भागिले १५ म्हणजे बरोबर २. त्यांची सरासरी जास्त, म्हणून चषक त्यांचा. इंग्लंडच्या फुटबॉल लीगनेसुद्धा हा भागाकार १९७६-७७ च्या मोसमात सोडला, तोवर तिथेही असंच चालत होतं.

भागाकारात बचावाला फार मोल येतं. कमी गोल करून त्याहून कमी खाणारा संघ पुढे जातो. मोठमोठ्या क्लबांचं यात नशीब फिरलंय. स्कॉटलंडमध्ये १९६४-६५ ला किल्मार्नॉक आणि हार्ट्स यांचे ५०-५० गुण झाले. हार्ट्सने ९० गोल केले होते, ४९ खाल्ले होते. किल्मार्नॉकचे ६२ आणि ३३. वजाबाकीने हार्ट्स कितीतरी पुढे, पण भागाकारात किल्मार्नॉक ०.०४ ने सरस ठरलं आणि विजेतं झालं. शेवटच्या दिवशी दोघांचाच आपसात सामना होता, किल्मार्नॉक २-० ने जिंकलं. हार्ट्सने नुसता १-० असा पराभव पत्करला असता तरी विजेतेपद त्यांचं होतं. पुढे १९८५-८६ ला हार्ट्सचे आणि सेल्टिकचे गुण सारखे झाले, तेव्हा नियम वजाबाकीचा झालेला होता. जुना भागाकार असता तर त्या वर्षी हार्ट्स जिंकलं असतं. एकाच क्लबला दोन्ही नियम आडवे आले.

आता तुमच्या २१ बद्दल. हे वाचून मी थोडा वेळ थांबलो. ४२ भागिले २१ म्हणजे २, म्हणजे त्या संघाशी अगदी बरोबरी. तुमच्या आजोबांनी झालेल्या गोलांतून एक कमी करून पाहिला आहे. आपण गोलमध्ये होतो, एक गोल वाचवला असता तर काय झालं असतं, हे ते काढत होते. फॉरवर्डांना हीच बरोबरी साधायला आणखी दोन गोल करावे लागले असते, ४४ भागिले २२. गोलरक्षकाला एक वाचवणं पुरलं असतं. शेवटच्या सामन्याचा निकाल वहीत काय दिलाय, तेवढं बघून सांगा.

म्हणजे चिटणीस म्हणून त्यांना नियम पक्का ठाऊक होता आणि हरकत टिकणार नाही हेही ठाऊक होतं. वस्तीला तो भागाकार कुणी समजावून सांगितला नाही, किंवा सांगूनही कुणाला ऐकायचा नव्हता.

साल काढता येईल. वार आणि तारीख ही फार उपयोगाची जोडी आहे, लोक तिच्याकडे बघत नाहीत. १४ मार्चला रविवार आला अशी जवळपासची सालं १९५४, १९६५, १९७१, १९७६ आणि १९८२. आता तुमचा फोटो. बारा काळे पंचकोन आणि वीस पांढरे षट्कोन असा चेंडू १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात वापरला, दूरचित्रवाणीच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर नीट दिसावा म्हणून. वस्तीपातळीवर तो पोचायला वेळ लागला. त्यामुळे ५४ बाद, ६५ बहुधा बाद. फोटो त्याच मोसमातला आहे याची मात्र खात्री करून घ्या. अशा वस्तूंवरून "याच्या आधीचं नाही" एवढंच ठरतं, "याच्या नंतरचं नाही" हे ठरत नाही, कारण जुना चेंडू फाटेपर्यंत वापरला जातोच. ट्रंकेतला लेसवाला चेंडू क्लबच्या आधीच्या दिवसांतला असणार. पावसात तो पाणी पिऊन जड व्हायचा आणि लेस कपाळावर लागली की वळ उठायचा, मी ते सोसलंय.

त्याच वहीत फेब्रुवारीचे रविवार बघा. शेवटचा रविवार २९ फेब्रुवारी असेल तर साल १९७६. २८ असेल तर ७१ किंवा ८२. मोसम ८२ चा असता तर अजून सरासरी मोजत होते का, असा प्रश्न पडतो, म्हणून माझा कौल ७१ ला. पण कौल म्हणजे पुरावा नव्हे.

अजून एक. "पाहुणा" हा शब्द यादीत कितव्या जागी आहे? तेव्हा संघ २-३-५ असा लिहायचे. पहिला गोलरक्षक, मग दोन बॅक म्हणजे बचावातले, तीन हाफ म्हणजे मधल्या फळीतले, पाच फॉरवर्ड म्हणजे पुढचे.


प्रतिसाद २

वर पंचकाकांनी हिशोब चोख मांडलाय. मी दुसऱ्या बाजूने लिहितो. आमचाही एक क्लब होता, मी त्याचा शेवटचा सेक्रेटरी. तो बुडाल्यावर चार वर्षं खपून मी त्याचा इतिहास लिहिला, तेव्हा ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नका म्हणून सांगतो.

"पाहुणा"ने दचकू नका. खोट्या नावाने खेळणं या खेळाइतकंच जुनं आहे. १८७२ साली इंग्लंडच्या एफए कप या चषकस्पर्धेचा पहिलावहिला अंतिम सामना झाला, त्यात एकुलता एक गोल करणाऱ्याचं नाव संघाच्या यादीत "ए. एच. चेकर" असं होतं. खरं नाव मॉर्टन बेट्स. तो हॅरो चेकर्स या क्लबाशी जोडलेला होता, त्यावरून ते टोपणनाव. तेव्हा पहिल्याच चषकाचा गोल खोट्या नावावर असेल तर तुमच्या वहीत एक पाहुणा असणारच. बहुतेक वेळा तो नोंदणी नसलेला खेळाडू असतो, कुणीतरी आयत्या वेळी आला नाही म्हणून उभा केलेला. आणि असं असेल तर हरकत न घेण्याचं आणखी एक कारण मला दिसतं. हरकत घेतली की समिती दोन्ही संघांच्या वह्या मागवते. वही उघडली असती तर पाहुणा पकडला गेला असता, आणि त्या सामन्याचे गुणही गेले असते. हा माझा अंदाज आहे, तसाच धरा.

जुन्या खेळाडूंना साल विचारू नका. साल कुणाच्याच लक्षात राहत नाही, आणि विचारलं की माणूस काहीतरी सांगून त्यालाच चिकटून बसतो. वस्तूंबद्दल विचारा. जर्सी कोण धुवायचं? रेघा मारायचा चुना कुठे ठेवायचे? चेंडूचं ब्लॅडर फुटलं की कोण चिकटवायचं? आमच्या कप्तानाला मी दोनदा भेटलो आणि रिकाम्या हाताने परत आलो. तिसऱ्यांदा जुना हातपंप घेऊन गेलो. त्याने तो हातात घेतला, वायसरवर थुंकी लावली, आणि मग दोन तास थांबलाच नाही. आणि प्रत्येकाला वेगवेगळं भेटा. चौघांना एकत्र बसवलंत तर ज्याचा आवाज मोठा त्याचाच इतिहास लिहाल.

जमाखर्चाची वही आधी वाचा, हजेरीची नंतर. ठरावांत लोक चांगलं तेच लिहितात. जमाखर्चात खरं येतं. वर्गणी कुणी थकवली, जर्सींची दुरुस्ती किती वेळा झाली, चुना घेणं कधी थांबलं. ज्या मोसमात चुना घेतलेला नाही, त्या मोसमात घरच्या मैदानावर सामना झालेला नाही. आमचा क्लब बंद पडल्याची तारीख मला अशीच सापडली. ती आम्ही सगळे समजत होतो त्याच्या दोन वर्षं आधीची निघाली.

तुमच्या १७, १४, १२, ९, ९, ७ कडे बघून मला काही नवं वाटलं नाही, वाईट मात्र वाटलं. ज्या वाँडरर्स संघाने तो पहिला कप जिंकला, त्यांनी तो एकंदर पाच वेळा जिंकला. त्यांना स्वतःचं मैदान नव्हतं, खेळाडू आपापल्या शाळांच्या माजी विद्यार्थी संघांकडे वळले, आणि शेवटी कपच्या सामन्याला अकरा जण जमेनात म्हणून माघार घ्यायची वेळ आली. ग्लासगोचा थर्ड लॅनार्क उलट वाटेने गेला. १९०३-०४ चा लीग विजेता, स्कॉटिश कप दोनदा. १९६०-६१ ला लीगमध्ये शंभर गोल करून तिसरा आला आणि १९६७ ला संपला, सहा वर्षांत. तिथे खेळाडू कमी पडले नव्हते, कारभार सडला होता, सरकारी चौकशी झाली. त्यांच्या कॅथकिन पार्क मैदानाच्या पायऱ्या अजून आहेत, त्यांच्यामधून झाडं वर आली आहेत.

इंग्लंडच्या अॅक्रिंग्टन स्टॅन्ली क्लबचंही वाचा, कारण तोही मुळात एका गल्लीचा संघ, स्टॅन्ली स्ट्रीटचा. १९६२ च्या मार्चमध्ये कर्जापायी त्यांनी लीगला राजीनाम्याचं पत्र धाडलं. मग पत्र परत घ्यायचं म्हणाले, लीगने नकार दिला. त्या मोसमात ते ३३ सामने खेळले होते, ते सगळे नोंदीतून पुसले. तेहतीस सामन्यांतले गोल कुणाच्याच खात्यावर नाहीत. १९६८ ला लोकांनी त्याच नावाने क्लब पुन्हा उभा केला आणि २००६ ला तो लीगमध्ये परतला.

आमचा क्लब ना भांडणाने गेला ना कर्जाने. जर्सी धुणारी एक आजी होती, ती गेली. तीन रविवार आम्ही मळक्या जर्सीत खेळलो, चौथ्या रविवारी सात जण आले. तुमच्याकडे असं कोण होतं ते शोधा.


प्रतिसाद ३

वह्यांचे फोटो काढून ठेवा, आजच. पेन्सिलीची अक्षरं घासून पुसली जातात. तिरक्या उजेडात धरलं तर पुसट झालेला मजकूरही दिसतो, एका बाजूने टॉर्च मारून बघा. शिक्क्यावर नवी शाई लावू नका, आधी मऊ कोरड्या ब्रशने साफ करा.


मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवस उत्तर देता आलं नाही, कारण वही घेऊन फिरत होते.

काका, फेब्रुवारीचा शेवटचा रविवार २८ आहे. म्हणजे ७६ नाही. "पाहुणा" यादीत पहिल्याच जागी आहे, एकटा, वरच्या ओळीत. म्हणजे गोलमध्ये. सगळ्या मोसमात त्या जागी आजोबांचं नाव आहे आणि फक्त ७ मार्चला नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी ती यादी वयाप्रमाणे लावलेली समजत होते.

मग रात्री दिवे घालवून टॉर्च तिरका धरला. ७ मार्चच्या पानाच्या कडेला, शिवणीच्या अगदी आत, बारीक अक्षरात आहे: "चिटणीस गैरहजर. घरी कन्यारत्न."

माझी मावशी. तिचा जन्म ५ मार्च १९७१ चा. तिला फोन करून मी तो मजकूर वाचून दाखवला, तर ती काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "पुन्हा वाच."

म्हणजे साल ठरलं. तीन म्हाताऱ्यांपैकी एकाचंही बरोबर नव्हतं.

त्या दिवशी ३-३ झाले. आणि शेवटचा सामना, १४ मार्चचा, ४-१ असा आम्ही जिंकलो. त्यातल्या "१" या आकड्याभोवती पेन्सिलीने वेढा काढलेला आहे. मी तो आधी शाईचा डाग समजून सोडून दिला होता. पाहुण्याने तीन खाल्ले होते, त्यातल्या एकाभोवतीही खूण नाही. २२ चे २१ करताना आजोबांनी स्वतःचाच गोल वजा केला.

तुम्ही सांगितलं तसं वस्तू घेऊन गेले. त्या संघातल्या लेफ्ट हाफकडे लेसवाला चेंडू नेला. आता त्यांना नीट ऐकू येत नाही. त्यांनी चेंडू मांडीवर घेतला, लेस पूर्ण सोडली आणि पुन्हा ओवली, गाठ आत दाबून, म्हणजे डोक्याला लागू नये. मग मी "पाहुणा" कोण म्हणून कागदावर लिहून दाखवलं. ते लगेच म्हणाले, रेघा मारणारा पोरगा. मैदानावर चुन्याने रेघा मारायला एक पोरगा होता, सतरा-अठराचा. त्याची नोंदणी नव्हती, बूटही नव्हते. आजोबांनी आदल्या रात्री आपले बूट त्याच्या घरी पोचवले होते. दोन नंबर मोठे, पुढे चिंध्या कोंबल्या. "तीन खाल्ले, पण चार वाचवले," असं त्यांनी मला बोटं दाखवून सांगितलं. हरकतीचा विषय काढल्यावर मात्र त्यांनी चेंडू माझ्या हातात दिला. म्हणाले, "हरकत घेतली असती तर त्या पोराला वर्षभर बंदी आली असती. तुझ्या आजोबांनी आम्हा चौघांना शपथ घातली होती. आता कोण उरलंय, लिही तू."

दोन्ही कारणं खरी होती तर. भागाकारात हरकत टिकलीच नसती, आणि वही उघडायची नव्हती. आजोबा गेले तोवर दोन्हींतलं एकही ते कुणाला बोलले नाहीत.

जमाखर्चाची वही अजून पूर्ण वाचून झालेली नाही. पण चुना पाहिला. शेवटची नोंद "चुना, अर्धं पोतं" आणि पुढे कंसात "रेघा मी स्वतः मारल्या", आजोबांच्या अक्षरात. तो पोरगा तेव्हा कुठे होता ते अजून कळायचं आहे. लेफ्ट हाफकाकांनी एक पत्ता दिलाय. रविवारी बूट घेऊन जाते आहे, ते ट्रंकेच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले सापडले. डाव्या बुटाच्या टोकात चिंधी अजून आहे.